बेल वाजेना, मेमो वॉचमनला

महोदय,

फोंड्यातल्या आमच्या एकवीस फ्लॅटांच्या सोसायटीत चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, तीन आठवडे व्हिडिओ इंटरकॉमची गेटवरची बेल लहर लागेल तशी वाजत होती. (गेटच्या पॅनेलवर बटण दाबले की त्या घरातल्या मॉनिटरवर बेल वाजते आणि माणूस दिसतो.) त्या काळात सचिव म्हणून माझ्या हातून एक अन्याय झाला, तो आधी सांगतो. मी दिवसपाळीच्या वॉचमनला लेखी मेमो दिला.

चवथीला आमची इमारत ओस पडते. कोणी सत्तरीत, कोणी डिचोलीला, कोणी काणकोणला मूळ घरी. मागे राहिलो आम्ही दोन-तीन कुटुंबे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना यंदा सुतक, म्हणून त्याही इथेच. दुसऱ्या रात्री गडगडाट झाला, वीज गेली ती पहाटे आली. सकाळी फार्मसीचा मुलगा आजींची औषधे घेऊन आला, गेटवरच्या पॅनेलवर बटण दाबत राहिला आणि कंटाळून परत गेला. आजींचा मला फोन : "अरे, मी दाराशीच बसलेय. बेल वाजली कुठे?"

मग रोजचेच झाले. कधी बेल वाजे पण माणूस दिसेना, कधी काहीच नाही. लोक गावाहून परतले तशा तक्रारी वाढल्या. (पोदेर, म्हणजे पाववाला, तेवढा वेळेवर. त्याच्या पों-पोंला सेटिंग लागत नाही.) कोणीतरी हिशेब मांडला की वॉचमन ड्युटीवर असला की बेल बंद, दुपारी तो जेवायला गेला की चालू, आणि रात्री अगदी व्यवस्थित. म्हणजे हाच काहीतरी करतो! तो म्हणत होता, "साब, मैं तो हाथ भी नहीं लगाता." कोण ऐकतो? मेमोवर सही माझी.

माझा भाचा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. रविवारी हुमण-भात (माशाची आमटी आणि भात) जेवायला आला होता, त्याला सहज बोललो. तो लॅपटॉप घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेला. गेटच्या पॅनेलचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा घर क्रमांक, १९२.१६८.१.२०, एवढे घरातल्या मॉनिटरच्या मेनूत सापडले. त्याने त्या पत्त्याला पिंग केले, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारली. 'आहे' असे उत्तर आले. मग नेटवर्कच्या वायरी जिथे जोडतात त्या स्विच नावाच्या डब्यातून पॅनेलची वायर उपटली आणि पुन्हा हाक मारली. तरीही उत्तर येतच राहिले!

"मामा, पॅनेलची वायर माझ्या हातात आहे. मग हे 'आहे' म्हणतोय कोण?"

वायफाय देणाऱ्या राउटरच्या यादीत पाहिले, तर २० क्रमांकावर (पत्त्यातला शेवटचा आकडा) एक मोबाइल. वॉचमनच्या खिशातला. ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक, तसा त्यालाही. त्याला वायफाय बंद करायला सांगितले आणि उत्तरे थांबली.

घडले होते ते असे. इंटरकॉम बसवणाऱ्याने पॅनेलला पक्का, म्हणजे स्टॅटिक पत्ता दिला. ते बरोबरच होते, कारण गेटचा पत्ता रोज बदलला तर एकवीस मॉनिटरांनी त्याला शोधायचे कुठे? पण राउटर मोबाइलना आपोआप पत्ते वाटतो, त्याला डीएचसीपी म्हणतात. आमचा राउटर २ पासून २५४ पर्यंतचे सगळे क्रमांक वाटायला मोकळा होता. २० नंबर आधीच दिलेला आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. वीज आल्यावर त्याने नव्याने वाटप केले आणि २० फोनला गेला. एकाच घर क्रमांकावर दोन बिऱ्हाडे! मॉनिटरने पॅनेलला दिलेले उत्तर कधी गेटवर पोचे, कधी वॉचमनच्या खिशात.

दुरुस्तीला दहा मिनिटे लागली. राउटरची आपोआप वाटपाची मर्यादा १०० ते २०० केली, राउटर आणि वॉचमनचे वायफाय बंद करून चालू केले. पॅनेलचा २०, मॉनिटरांचे ५१ ते ७१ यांतले काहीच बदलावे लागले नाही. आणि बदलता आलेही नसते, कारण पॅनेलच्या सेटिंगचा पासवर्ड आमच्याकडे नाही. फॅक्टरी रीसेट केला तर एकवीस फ्लॅटांची नोंद पुसली जाणार, ती पुन्हा भरायची कोणी?

माझे म्हणणे इथेच आहे. बिल्डरने ताबा देताना लिफ्टचे कागद दिले, पंपाच्या वॉरंटीचे कार्ड दिले. इंटरकॉमचे काय, तर चकचकीत छापील पुस्तिका, जिच्यात आमच्या इमारतीविषयी एक अक्षर नाही. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याचे कलम १७ सांगते की आवश्यक कागदपत्रे आणि आराखडे बिल्डरने सोसायटीच्या हवाली करावेत. वायरिंगचा नकाशा आणि पत्त्यांचा तक्ता हे त्यात धरायला नकोत का? कोणत्या यंत्राला कोणता क्रमांक, राउटर कुठले क्रमांक वाटतो, पासवर्ड काय. हे सगळे एका पानात मावते. इंटरकॉम बसवणाऱ्याचे बिल देताना त्या पानावर सही मागा, असे मी इतर सोसायट्यांच्या सचिवांना सांगेन. आणि पाहुण्यांचे, कामगारांचे मोबाइल ऑफिसच्या वायफायवर घेऊ नका. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय, असते, ते द्या.

आमचे पान भाच्याने हाताने लिहिले. पासवर्ड सोडून बाकी सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मीटर रूममध्ये टांगले आहे. मेमो मी समितीच्या बैठकीत मागे घेतला आणि वॉचमनची सर्वांसमोर माफी मागितली. तो लाजला, "कोई बात नहीं साब" म्हणाला. आजींनी त्याला नेवऱ्या (करंज्या) पाठवल्या.

पॅनेलचा पासवर्ड मागणारे तिसरे पत्र बिल्डरला गेल्या सोमवारी गेले आहे.

— एका सोसायटीचा सचिव, फोंडा