ज्याला आधी दिसलं, तो वाचला

प्रिय विन्या,

परवा तू गडबडीत होतास म्हणून वाद घातला नाही, पण तुझं ते बोलणं काही डोक्यातून जाईना. "खरी हवाई लढाई पहिल्या महायुद्धातली. समोरासमोर, मर्दासारखी. आता काय, बटण दाबायचं आणि परत यायचं!" अरे बाबा, समोरासमोर लढलं कोण? तुला राग येईल तर येऊ दे, पण या विषयावर जितकं वाचत गेलो तितकं माझं मत पक्कं होत गेलं. लढाऊ वैमानिकांच्या युद्धात द्वंद्व हा अपवाद होता. एरवी सगळा मामला दबा धरून घाला घालण्याचा. ज्यांची विमानं पडली त्यांच्यातल्या बहुतेकांना आपल्याला कुणी पाडलं हे शेवटपर्यंत दिसलंच नाही. सगळा खेळ नजरेचा आहे, आणि तो १९१५ पासून तसाच चालू आहे.

मुळात विमान युद्धात आलं तेच बघण्यासाठी. शत्रूचे खंदक कुठे, तोफा कुठे, कुमक कुठून येतेय, हे वरून टिपायचं आणि आपल्या तोफखान्याला कळवायचं. समोरच्याचं हे बघणं बंद पाडायचं म्हणून लढाऊ विमान जन्माला आलं. पण नेम धरायला सोयीची जागा म्हणजे वैमानिकाच्या नाकासमोर, आणि तिथे तर पंखा फिरतोय! रोलाँ गारोस नावाच्या फ्रेंच वैमानिकाने (पॅरिसचं टेनिस स्टेडियम ज्याच्या नावाचं आहे तोच हा) पंख्याच्या पात्यांवर पोलादी पाचरी ठोकल्या. पात्यावर बसणारी गोळी बाजूला उडून जावी, एवढीच योजना. अघोरीच म्हणायचा प्रकार, पण १९१५च्या एप्रिलमध्ये त्याने या जोरावर विमानं पाडली. त्याच महिन्यात त्याला जर्मन हद्दीत उतरावं लागलं आणि ते विमान आयतंच शत्रूच्या हाती पडलं. जर्मनांसाठी विमानं बनवणाऱ्या फोकरच्या कारखान्यातल्या मंडळींनी मग इंजिनाच्या गतीशी मशीनगन अशी जोडली, की नळीसमोर पातं नसेल तेवढ्याच क्षणी गोळी सुटावी. आता विमानच बंदूक झालं. नेम धरायचा म्हणजे अख्खं विमान शत्रूकडे वळवायचं.

आणि तरीही मर्दानी सामना सुरू झाला नाहीच. ऑस्वाल्ड बोल्के हा जर्मन वैमानिक या सगळ्यांचा गुरू. १९१६ मध्ये त्याने नवशिक्यांसाठी आठ नियम लिहून काढले. ते वाचलेस तर तुला गनिमी काव्याचं टिपण हातात आल्यासारखं वाटेल. सूर्य पाठीशी ठेव. मागून जा. अगदी जवळ गेल्याशिवाय गोळी झाडू नकोस. शत्रूच्या हद्दीत असताना परतीची वाट विसरू नकोस. हल्ला गटाने करा, पण दोघांनी एकाच सावजामागे लागू नका. यात शौर्य दाखव असं कुठेही लिहिलेलं नाही. सूर्याच्या दिशेने बघणाऱ्याला काही दिसत नाही, हे मात्र लिहिलंय.

आता गंमत बघ. २८ ऑक्टोबर १९१६ ला बोल्के आणि त्याचा जवळचा सहकारी बोमे हे दोघं एकाच इंग्रज विमानामागे लागले. दोघांची विमानं एकमेकांना घासली आणि बोल्के गेला. वय २५, खात्यावर ४० विमानं. त्याचा शिष्य रिश्टहोफेन, लाल विमानवाला, ८० विमानं पाडलेला. २१ एप्रिल १९१८ ला तो एका नवख्या वैमानिकाचा पाठलाग करत शत्रूच्या हद्दीत अगदी खाली उतरला आणि बहुधा जमिनीवरून आलेल्या एका गोळीने मेला. इंग्रजांकडचा मिक मॅनक पोरांना घोकून घ्यायला लावायचा, की पाडलेल्या विमानामागे खाली जाऊ नका. २६ जुलै १९१८ ला तो स्वतः गेला, आणि खंदकातल्या गोळ्यांनी त्याचं विमान पेटलं. इंग्रज वैमानिकांना तेव्हा पॅराशूट देतच नसत. पेटलेल्या विमानात बसून राहायचं किंवा उडी टाकायची. तुझ्या सरदारी युद्धाची ही एक बाजू.

मॅनक जायच्या चारच दिवस आधी, २२ जुलैला, इंद्रलाल रॉय गेला. कलकत्त्याचा पोरगा. मॅनक आधी ज्या चाळीस नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये होता, तिथलाच. त्याआधी एका अपघातात जबर जखमी होऊन डॉक्टरांकडून उड्डाणाला नालायक ठरलेला, तरी पिच्छा पुरवून परत आलेला. जुलैतल्या जेमतेम दोन आठवड्यांत त्याच्या नावावर दहा विमानं लागली, आणि विसावं वर्ष पुरं व्हायच्या आत तो संपलासुद्धा. आपल्या शाळेच्या पुस्तकांत हा मुलगा का नव्हता, हे मला कोडंच आहे.

१९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धात जर्मन ब्रिटनवर हवाई हल्ले करत होते तेव्हा, विमानं दुप्पट-तिप्पट वेगाने उडत होती, पण धडा तोच. इंग्रज वैमानिक तिघांच्या घट्ट बाणात उडायचे. दिसायला देखणं, पण मागच्या दोघांचं सगळं लक्ष पुढच्याला धडकू नये याकडे. म्हणजे सहा डोळ्यांपैकी आकाश बघायला दोनच मोकळे. जर्मन स्पेनच्या यादवीत शिकून आले होते. त्यांच्या दोघादोघांच्या जोड्या, एकमेकांपासून लांब, प्रत्येक जण दुसऱ्याची पाठ बघणारा. इंग्रजांच्या रचनेला ते मूर्खांची रांग म्हणत. इंग्रजांनी मग एकाला मागे ठेवून नागमोडी उडायला लावलं, राखण करायला म्हणून. सगळ्यांत आधी तोच पडायचा, आणि पुढच्यांना पत्ताही नसायचा. शेवटी त्यांनी मुकाट्याने जर्मनांची पद्धत उचलली. त्या काळातल्या वैमानिकांच्या गळ्यातले रेशमी रुमाल पाहिलेत ना फोटोत? तुला तो रुबाब वाटला असेल. सतत मान वळवून मागे बघायचं, कडक कॉलर घासून गळ्याची सालपटं निघायची, त्यावर तो इलाज होता.

आणखी एक. स्पिटफायर या इंग्रज लढाऊ विमानाच्या आठ मशीनगन्सना किती वेळ पुरेल एवढ्या गोळ्या असायच्या, सांग बघू? साधारण पंधरा सेकंद! अख्ख्या उड्डाणात बोटाशी तेवढेच सेकंद. त्या आठही नळ्या पंखांत, एकमेकींपासून लांब, म्हणून त्या आत तिरक्या वळवून ठरावीक अंतरावर गोळ्या एकत्र येतील असं बसवत. सुरुवातीला हे अंतर ४०० यार्ड होतं. अनुभवी वैमानिकांनी हट्टाने ते २५० वर आणलं, कारण लांबून मारलेलं लागत नाही हे त्यांनी रोज पाहिलं होतं. बोल्केने तेच चोवीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं!

यंत्राचीही तऱ्हा ऐक. स्पिटफायरचं नाक एकदम खाली दाबलं की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल वर उसळायचं आणि इंजिन खोकायचं, बंद पडायचं. जर्मन विमानात इंधन थेट इंजिनात फवारलं जायचं, त्यामुळे मागे इंग्रज लागला की तो बेलाशक खाली सूर मारून निसटायचा. इंग्रज बिचारा आधी विमान उलटं करायचा आणि मग सूर मारायचा, तोवर पाखरू उडालेलं. यावर बिट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईंनी उपाय काढला: भोक पाडलेली एक छोटीशी धातूची चकती, जास्तीचं पेट्रोल अडवणारी. १९४१ मध्ये त्या स्वतः विमानतळांवर फिरून ती बसवून घेत होत्या. मोटरसायकलच्या शर्यतींतही भाग घ्यायच्या. मला अशा माणसांबद्दल जास्त वाचायला आवडतं, खरं सांगायचं तर.

१९४०च्या त्या उन्हाळ्यातला सगळ्यांत मोठा डोळा मात्र विमानात नव्हताच. किनाऱ्यावरची रडार, टेकड्यांवर दुर्बीण घेऊन बसलेले निरीक्षक, आणि तळघरातल्या मोठ्या नकाशावर लांब काठ्यांनी खुणा सरकवणाऱ्या हवाई दलातल्या मुली. जर्मन कुठून येताहेत हे वैमानिकाला कॉकपिटमध्ये चढायच्या आधीच कळलेलं असायचं. तुझं ते "बटणवालं" युद्ध १९४० मध्येच सुरू झालं होतं म्हण ना.

आणि धुमश्चक्रीत डोळे किती फसतात तेही बघ. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी जाहीर केलं, आज १८५ विमानं पाडली. प्रत्यक्षात जर्मनांची गेलेली विमानं साठच्या आसपास. कुणी खोटं बोलत नव्हतं. एकाच जळत्या विमानावर चौघांनी गोळ्या झाडल्या, चौघांनी ते पडताना पाहिलं, चौघांनी आपल्या नावावर लिहिलं. म्हणून कुणाच्या खात्यावर किती, या याद्या वाचताना मी जरा हात राखून वाचतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या हार्टमन या जर्मन वैमानिकाचा आकडा मात्र घसघशीत आहे, ३५२. आजवरचा सगळ्यांत मोठा. त्याची रीत चार पायऱ्यांची: बघ, ठरव, हल्ला कर, निघून जा. गिरक्या घेत झुंजणं त्याला मूर्खपणा वाटायचा. शत्रूचं विमान समोरची काच भरून टाकेपर्यंत गोळी नाही, आणि गोळी झाडली की तिथे थांबणं नाही. युद्धानंतर दहा वर्षं सोव्हिएत कैदेत काढून परत आला. त्याला वीर म्हण, पण द्वंद्ववीर म्हणू नकोस.

आता तुझ्या बटणाकडे येतो. व्हिएतनाममध्ये अमेरिकनांनी नेमका तुझ्यासारखाच विचार केला होता. क्षेपणास्त्रं आहेत, आता बंदूक कशाला? सुरुवातीच्या फँटम विमानांत बंदूकच नव्हती. पण आकाशात त्यांचीच विमानं इतकी, की डोळ्यांनी ओळख पटल्याशिवाय मारू नका असा दंडक. म्हणजे लांबून मारायचं क्षेपणास्त्र हाताशी असून जवळ जायचं. त्यात रडारच्या इशाऱ्यावर चालणारी ती क्षेपणास्त्रं दहातलं एखादं लागायचं. आणि फँटमची इंजिनं एवढा काळा धूर सोडायची, की ते विमान मैलोन्‌मैल लांबून ओळखू यावं. समोरचं उत्तर व्हिएतनामचं मिग-२१ चिमुकलं, नाकासमोर आलं तरी चटकन दिसत नाही. शेवटी अमेरिकी नौदलाने १९६९ मध्ये मिरामारला वैमानिकांना जवळची लढाई पुन्हा शिकवायची शाळा काढली आणि हवाई दलाच्या पुढच्या फँटममध्ये बंदूक परत आली.

लहान असण्याचा फायदा आपल्या हवाई दलाच्या नॅट या छोट्या लढाऊ विमानानेही उठवला. २२ नोव्हेंबर १९७१, पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरचं बोयरा. युद्ध अजून जाहीर व्हायचं होतं. दमदमहून उडालेली चार नॅट विमानं खालून आली. पाकिस्तानी सेबर विमानं जमिनीवरच्या सैन्यावर हल्ले करण्यात गुंग. काही मिनिटांत खेळ आटोपला. दोन पाकिस्तानी वैमानिक पॅराशूटने उतरून कैद झाले, आणि त्यांतला एक पुढे पाकिस्तानच्या हवाई दलाचा प्रमुख झाला! अशी वळणं कादंबरीत घातली तर संपादक खोडून टाकेल.

पण मला सतावतं ते दुसरंच. सगळं जर बघण्यावर ठरत असेल, तर ज्याची लढाई आपल्यातल्या कुणीच पाहिली नाही त्याचं काय? लिडिया लित्व्याक, सोव्हिएत वैमानिक, १ ऑगस्ट १९४३ ला उड्डाणावरून परतली नाही. २१ वर्षांची. मृतदेह मिळाला नाही, ती शत्रूच्या हाती तर लागली नाही ना, अशी शंका, म्हणून सर्वोच्च सन्मान अडला. तो मिळाला १९९० मध्ये.

आणि आपले स्क्वाड्रन लीडर देवय्या. ७ सप्टेंबर १९६५, भारत-पाक युद्ध, पाकिस्तानातल्या सरगोधा हवाई तळावर हल्ला. ते राखीव विमानात होते, तरी तुकडीच्या मागोमाग गेले. परतताना ध्वनीच्या दुप्पट वेगाचं पाकिस्तानी स्टारफायटर त्यांच्यावर आलं. देवय्यांचं मिस्तेर विमान त्याच्यापुढे वेगात काहीच नाही. गोळ्या लागल्या, तरी ते पळाले नाहीत, उलट वळून भिडले आणि स्टारफायटर पाडलं. त्याचा वैमानिक पॅराशूटने वाचला, देवय्या वाचले नाहीत. बाकीची विमानं परतीच्या वाटेवर होती, कुणीच काही पाहिलं नाही. आपल्या कागदांवर एवढंच, की परतले नाहीत. काय झालं ते पुढे कितीतरी वर्षांनी एका ब्रिटिश लेखकाच्या पुस्तकातून, म्हणजे पाकिस्तानच्या बाजूच्या माहितीवरून, उजेडात आलं. महावीर चक्र १९८८ मध्ये, २३ वर्षांनी. तू म्हणतोस तसं समोरासमोरचं द्वंद्व मला या सगळ्या वाचनात धडपणे सापडलं ते हे एक, आणि त्याला साक्षीदार फक्त शत्रू.

देवय्यांवर मराठीत नीट लिहिलेलं काही तुझ्या पाहण्यात असेल तर कळव. आणि शिव्या घालायच्या असतील तर त्याही सविस्तर लिही, दोन ओळींवर भागवू नकोस.

तुझा,
सुध्या