वसुलीवाल्यांच्या फोनबद्दल मुलीला

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

वसुलीवाल्याचा फोन आता मलाही आला. रात्री नऊनंतर. "उद्या पोलीस घेऊन तुमच्या मुलीच्या घरी जातो," म्हणाला. मी नाव, बँक आणि अधिकारपत्र विचारलं, तर फोन ठेवून दिला. नोकरी गेल्याचं आणि हप्ते थकल्याचं तू आम्हाला कळवलं नाहीस, ते भेटीत बोलू. आधी कामाचं.

नोकरीभर मी दिवाणी कोर्टाचा बेलिफ म्हणून जप्तीची वॉरंटं घेऊन फिरलो. वसुली करणाऱ्याचा हात कुठवर पोचतो हे मला ठाऊक आहे. पिशवीत कोर्टाचं वॉरंट, त्यावर सही-शिक्का. तरी सूर्य मावळल्यावर कुणाच्या राहत्या घरात शिरायची मला मुभा नव्हती. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६२. आत गेल्यावरही कलम ६० आडवं यायचं. नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, यांना हात लावायचा नाही. एका शिंप्याच्या घरी डिक्रीवाला, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा मिळालेला सावकार, शिलाई मशीनकडे बोट दाखवून माझ्या मागेच लागला. मी यादीत रेडिओ लिहिला, भिंतीवरचं घड्याळ लिहिलं, मशीन लिहिलं नाही. तो फाटकापर्यंत बडबडत आला.

पगाराचंही तसंच. पहिले १००० रुपये आणि उरलेल्यातले दोन तृतीयांश सोडून बाकीच्यावरच जप्ती येते, तीही एका डिक्रीपोटी एकूण २४ महिन्यांपर्यंतच. प्रॉव्हिडंट फंडाला हात लागत नाही. आणि हे सगळं कधी, तर बँकेनं दावा लावून डिक्री मिळवल्यावर. फोनवर ओरडणाऱ्या पोराकडे यातलं काहीच नाही.

पोलिसांचं म्हणशील, तर नुसतं कर्ज थकलं म्हणून अटक होत नाही. निव्वळ ऐपत नाही म्हणून ऋणकोला दिवाणी तुरुंगात घालता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९८० सालीच सांगून ठेवलंय. पण एका ठिकाणी सावध राहा. चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८, आणि खात्यातून आपोआप जाणारा हप्ता बाउन्स झाला तर पेमेंट सिस्टिम्सच्या २००७ च्या कायद्याचं कलम २५. ही फौजदारी बाब आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्याआधी लेखी नोटीस येते आणि भरायला १५ दिवस मिळतात. म्हणून भीतीपोटी पोस्टाचं पाकीट परत पाठवू नकोस.

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट बजावलंय: थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नाही. शिवीगाळ नाही, धमकी नाही, चारचौघांत बदनामी नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास नाही. एजंट काय करतो याची जबाबदारी बँकेवरच. तेव्हा "तो आमचा माणूस नाही" हे उत्तर ऐकून घेऊ नकोस. कॉल रेकॉर्ड कर, मेसेजचे फोटो ठेव, माझ्या फोनचीही तारीख-वेळ घाल आणि बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल कर. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार जाते. फी नाही, वकील लागत नाही.

आता देण्याचं. पैसे तू घेतलेस, ते द्यायचेत. तीन वर्षं गप्प बसलं की मुदत संपते, असं तुला कुणी सांगेल. मुदतीत लेखी सहीची कबुली दिली किंवा थोडे पैसे भरले की ती मुदत नव्यानं सुरू होते, हेही त्याला ठाऊक असायला हवं. मला तो मार्गच पसंत नाही. तीन वर्षं दारावरच्या प्रत्येक टकटकीला दचकायचं, कशासाठी?

आधी क्रेडिट कार्ड मिटव. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. पर्सनल लोन त्यापुढे गरीब. लोनसाठी हप्ता कमी करून मुदत वाढवून माग. अगदीच जमत नसेल तरच कमी रकमेत मिटवायची तडजोड. तडजोडीत क्रेडिट रिपोर्टवर 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' येतं आणि पुढे घरकर्जाला आडवं येतं.

"आज एवढे टाका, मिटवून देतो" असं एजंट म्हणाला, तर त्याच्या यूपीआयवर रुपयाही टाकू नकोस. बँकेच्या लेटरहेडवर पत्र हवं: खातं क्रमांक, ठरलेली रक्कम, भरायच्या तारखा, उरलेलं माफ, रिपोर्टला काय कळवणार. पैसे फक्त त्या कर्जखात्यात. भरून झालं की नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र घ्यायचं, आणि दोनेक महिन्यांनी रिपोर्ट तपासायचा.

आई पाटल्या मोडायच्या म्हणतेय. मी तिला थांबवलंय. सोनं निघालं हे कळलं की बँक आकडा खाली आणत नाही. रविवारी येतोय. स्टेटमेंटं छापून ठेव, मोबाइलवरचे आकडे मला दिसत नाहीत. तोवर कशावरही सही नको.

तुझे,
बाबा

ता. क. सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेव. कुणी आला तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र, दोन्हींचे फोटो काढल्याशिवाय वर सोडायचं नाही.