नाताळ बाजारातून घरी यावा

महोदय,

दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात तोच घोडबंदर रस्त्यावरच्या मॉलमध्ये सांताक्लॉज उभा राहतो आणि आमच्यासारख्या कॅथलिक घरांतील मुलांना नाताळ म्हणजे खरेदीची यादी वाटू लागते. वास्तविक ख्रिस्तसभेच्या (चर्चच्या) पंचांगात नाताळपूर्वीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे प्रतीक्षेचे असतात. म्हणूनच धर्मगुरूंची वस्त्रे तेव्हा जांभळी असतात. यंदा दर रविवारी जेवणापूर्वी एकेक मेणबत्ती लावून शुभवर्तमानातील (बायबलमधील येशूचरित्रातील) उतारा वाचायचे आम्ही ठरवले आहे. येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा विकत न आणता मुलांनी पुठ्ठा, माती आणि गवत यांतून करायचा आणि बाळ येशूची मूर्ती २४ डिसेंबरच्या रात्रीच त्यात ठेवायची. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेचियो येथे उभारलेल्या अशाच देखाव्यात गवताने भरलेली गव्हाण, बैल आणि गाढव एवढेच होते. भेटवस्तू प्रत्येकाला एकच (आजीला हा नियम अद्याप मान्य नाही); वाचलेल्या पैशातून कलकल (नाताळचा गोड तळलेला खाऊ) आणि करंज्या अधिक करून इमारतीच्या पहारेकऱ्यांना व सफाई कामगारांना द्यायच्या. नाताळकाळ प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे जानेवारीपर्यंत चालत असताना २६ डिसेंबरलाच नाताळचे झाड उतरवण्याची घाई का, हेही धर्मग्रामातील (आमच्या चर्चच्या परिसरातील) अन्य कुटुंबांना विचारावेसे वाटते.

— एक वाचक, ठाणे (पश्चिम)