चौथ्या टप्प्यातल्या आम्ही

स्तनांच्या कर्करोगाच्या जनजागृतीचा महिना, ऑक्टोबर, आला की गुलाबी फिती आणि 'कर्करोगावर मात' केलेल्यांच्या मुलाखती सुरू होतात. त्यांचा आनंदच आहे. पण ज्यांचा स्तनांचा कर्करोग हाडांत किंवा यकृतात पोहोचला आहे, म्हणजे चौथ्या टप्प्यात आहे, अशा माझ्यासारख्या बायका त्यात क्वचितच दिसतात. १३ ऑक्टोबर हा दिवस खास आमच्यासाठी पाळला जातो, हेही फारसं कुणाला ठाऊक नाही. आमचे उपचार संपत नाहीत. एक औषध लागू पडतंय तोवर ते, मग दुसरं.

मला सावरलं ते अशाच बायकांच्या गटाने. 'सकारात्मक राहा' असं तिथे कुणी ऐकवत नाही. कॅपेसिटाबिन या केमोथेरपीच्या गोळ्यांनी तळव्यांची सालं निघू लागली, तेव्हा रात्री मलम लावून सुती मोजे घालायचे, हे तिथेच कळलं. या गोळ्यांनी बोटांचे ठसेही पुसट होतात. बँकेत यंत्र माझा अंगठा घेईना, मागची रांग कुरकुरू लागली, तेव्हा रडूच कोसळलं. 'डॉक्टरांचं पत्र ने, ओटीपी किंवा बुबुळांची ओळख माग,' असं गटातल्या एका ताईंनी सांगितलं. मॉर्फिन हे तीव्र वेदनांवरचं औषध सुरू झालं म्हणजे शेवट, ही भीतीही तिथेच गेली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते घेऊन नातवाला शाळेत सोडणाऱ्या बायका मी पाहते आहे.

रुग्णालयांनी निदानाच्या वेळीच अशा गटांची माहिती द्यावी आणि बँका, रेशन दुकानांनी अंगठ्याला पर्याय नाकारू नये, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)