४५ मिनिटं आणि न लिहिलेला एक शब्द

प्रति,
मा. संरक्षणमंत्री, ब्रिटन सरकार, लंडन

महोदय,

आपल्याच खात्यातलं एक जुनं प्रकरण आपल्यापुढे ठेवते.

२४ सप्टेंबर २००२ रोजी टोनी ब्लेअर सरकारने इराकच्या शस्त्रांविषयी एक पुस्तिका काढली. हुकूम सुटल्यापासून ४५ मिनिटांत सद्दामचं सैन्य रासायनिक-जैविक अस्त्रं डागू शकतं, असं तिच्यात चार ठिकाणी होतं. कोणती अस्त्रं, किती पल्ल्याची, हे मात्र एकाही ठिकाणी नव्हतं. दुसऱ्याच दिवशी 'द सन' या वृत्तपत्राने सायप्रसमधल्या ब्रिटिशांचं मरण ४५ मिनिटांवर आणून ठेवलं. मुळात ती माहिती रणांगणावर वापरायच्या तोफगोळ्यांसारख्या अस्त्रांची होती. ती सायप्रसपर्यंत जाणार कशी?

त्या वेळी आपल्या खुर्चीत बसलेल्या जेफ हून यांना हे ठाऊक होतं. शस्त्रतज्ज्ञ डेव्हिड केली यांच्या मृत्यूबद्दल २००३ मध्ये झालेल्या हटन चौकशीत त्यांनी तसं कबूल केलं. वर वर्तमानपत्रांना चूक सुधारायला लावणं किती जिकिरीचं असतं, हेही ऐकवलं. (असेलही. पण मंत्र्याला पार्लमेंटात उभं राहून दोन वाक्यं बोलायला कोणत्या संपादकाची परवानगी लागते?) खुद्द ब्लेअर २००४ मध्ये म्हणाले की, मतदानाच्या वेळी रणांगणावरची आणि लांब पल्ल्याची अस्त्रं यांतला हा फरक आपल्याला माहीतच नव्हता! ते मतदान १८ मार्च २००३ चं. युद्धाचा ठराव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी संमत झाला. पुढे इराकमध्ये १७९ ब्रिटिश सैनिक जीवानिशी गेले. इराकी किती, त्याचा तर नेमका हिशेबच नाही.

आम्हा मराठी माणसांना 'ध'चा 'मा' नवा नाही. इथे तेवढीही कारागिरी लागली नाही. 'रणांगणावरची' हा शब्द कागदावर आला नाही, एवढ्यावर भागलं.

१५ फेब्रुवारी २००३ च्या लंडनमधल्या मोर्चात मीही होते. खरं सांगते, युद्ध नको म्हणून घसा कोरडा करत होते, पण शस्त्रं असणारच, हे मीही धरून चालले होते. विरोध करणाऱ्यांच्याही डोक्यात सरकारचाच दावा बसला होता. याहून मोठं यश प्रचाराला काय हवं?

म्हणून मागणी अशी: गुप्तवार्तेच्या जोरावर उद्या युद्धाचा ठराव मांडलात, तर ती माहिती तिच्यातल्या 'बहुधा', 'कदाचित'सकट खासदारांना द्या. आणि मथळा चुकला, तर त्याच दिवशी सभागृहात तसं सांगा. हून यांच्या हातात जवळजवळ सहा महिने होते.

आपली,
लंडनमधली एक मराठी मतदार