तुटलेल्या बोटांची गिटार

महोदय,
वाळूजला प्रेस मशीनवर काम करणाऱ्या मला, ‘हेवी मेटल’ या रॉक संगीतप्रकाराचा पाया घालणाऱ्या ‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्लिश बँडचा १९७० सालचा पहिला अल्बम परवा रात्रपाळीनंतर प्रथमच ऐकायला मिळाला आणि पाऊस, गडगडाट व घंटानादानंतर कोसळणाऱ्या त्या जड, संथ गिटारने मी जागीच खिळलो. वादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती. प्लॅस्टिकची बाटली वितळवून केलेल्या टोपणांनी ते तारा दाबत. ध्वनिमुद्रण जेमतेम एका दिवसाचे, म्हणूनच त्यात गुळगुळीत केलेले काही नाही. बोटे गमावलेले सहकारी आमच्याही खात्यात आहेत. त्यांना मी हा अल्बम ऐकवला. आपल्या पुरवणीत अशा संगीतावरही लिहावे, ही विनंती.

– एक कामगार वाचक, वाळूज, छत्रपती संभाजीनगर