वैद्यकीय शिक्षण मंत्री साहेब, विद्यापीठाकडून खेळायला गेलेली मुलगी गैरहजर कशी काय?

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी एका मेडिकल कॉलेजात ज्युनिअर रेसिडेंट आहे, म्हणजे एमबीबीएसनंतर पीजी (पदव्युत्तर शिक्षण) करत वॉर्डात काम करणारी डॉक्टर, मेडिसिनला, पहिलं वर्ष. शाळेपासून बास्केटबॉल खेळतेय, एमबीबीएसला असताना विद्यापीठाच्या टीममध्ये पॉइंट गार्ड होते. मागणं एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकते. जो विद्यार्थी विद्यापीठाची जर्सी घालून स्पर्धेला जातो त्याचे ते दिवस हजेरीत ऑन ड्युटी धरा आणि बुडालेली पोस्टिंग (एकेका विषयाच्या वॉर्डात शिकायचे ठरलेले दिवस) कशी भरून काढायची ते सगळ्या कॉलेजांना एकसारखं लेखी कळवा. आज प्रत्यक्षात काय होतं तर एका डिपार्टमेंटला सर म्हणतात जा बेटा मेडल घेऊन ये आणि शेजारच्या डिपार्टमेंटला मॅडम म्हणतात डॉक्टर व्हायचंय की खेळाडू ते आधी ठरव. त्याच कॉलेजात, त्याच आठवड्यात.

हजेरीचं गणित तुम्हाला माहितीच आहे, थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकल-क्लिनिकलला ८०. हे टक्के कमी करा असं मी अजिबात म्हणत नाही, पेशंट तपासायला शिकायचं तर वॉर्डात उभं राहावंच लागतं, त्याला दुसरा रस्ता नाही. पण वेस्ट झोनला, पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला, जायचं म्हणजे आधी सिलेक्शन ट्रायल्स, मग कॅम्प, मग प्रवास, मग मॅचेस, आणि टीम जिंकत गेली तर पुढे ऑल इंडिया. सहज दोन आठवडे जातात. आणि छोट्या विषयांची क्लिनिकल पोस्टिंगच मुळात दोन आठवड्यांची असते! म्हणजे वर्षभर एकही लेक्चर न बुडवणारी मुलगी त्या एका विषयात शून्यावर येते, आणि मग टीम जितकी चांगली खेळेल तितकी तिची हजेरी खाली जाते. हरलात तर लवकर परत येता आणि हजेरी वाचते, जिंकलात तर डिटेन व्हायची, म्हणजे परीक्षेलाच बसू न देण्याची भीती. असा नियम कोणी मुद्दाम केला नसणार हे मला कळतं, पण वाट्याला येतं ते हेच.

एनओसीचं, म्हणजे कॉलेजच्या ना-हरकत पत्राचं सांगते. विद्यापीठाचं सिलेक्शनचं पत्र येतं, ते घेऊन पीटीच्या सरांकडे, तिथून ज्या ज्या डिपार्टमेंटची पोस्टिंग किंवा प्रॅक्टिकल आहे त्या प्रत्येक एचओडींची (विभागप्रमुखांची) सही, मग स्टुडंट सेक्शन, मग डीन ऑफिस. एचओडी ओपीडीत असतात, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) असतात, परीक्षेला बाहेर गेलेले असतात. आमच्या टीममधली एक ज्युनिअर ते पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ओटीच्या बाहेर दुपारभर उभी होती, सर बाहेर आले, पत्र बघितलं आणि म्हणाले इंटर्नल आहे, नाही जमणार. इंटर्नल म्हणजे कॉलेजची अंतर्गत परीक्षा, ती दोन दिवस पुढे घ्या असं म्हणायची तिची हिंमत नव्हती आणि तसा हक्क आहे असं दाखवायला तिच्याकडे काही कागदही नव्हता. ती आली नाही. आम्ही आठ जणी गेलो, त्यातल्या एकीचा पाय मुरगळला, आणि दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर सात जणींत खेळताना शेवटच्या क्वार्टरला पाय उचलत नव्हते. समोरच्या टीमकडे पूर्ण बारा जणी होत्या. मॅच गेली याचं दुःख आहेच पण मला जास्त लागलं ते त्या ज्युनिअरचं, कारण तिने नंतर खेळणंच सोडलं आणि खरं सांगते साहेब, आमच्यात सगळ्यात चांगला शॉट तिचा होता.

आता काही लोक म्हणतील मेडिकलला येऊन खेळायचं कशाला. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला ज्या जेम्स नेस्मिथनी बास्केटबॉल शोधला ते नंतर डेन्व्हरला व्यायामशाळेचं काम सांभाळत मेडिकल शिकले आणि १८९८ मध्ये डॉक्टर झाले. आणि आपल्या देशातलं बघायचं तर स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिम्पिक फुटबॉल टीमचे कॅप्टन तालिमेरेन आओ, १९४८ लंडन, तेव्हा कोलकात्याला मेडिकलचे विद्यार्थी होते, एमबीबीएस १९५० ला पूर्ण केलं आणि पुढे नागालँडमध्ये आरोग्य खात्यात मोठ्या पदापर्यंत गेले. त्यांना जमलं म्हणून सगळ्यांना जमेल असं नाही, पण खेळणारा माणूस डॉक्टर म्हणून कच्चा राहतो हे कुठून आलं मला खरंच समजत नाही.

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल केवढं मोठं आहे ते सगळ्यांना माहितीय, पैसा, टीव्ही, सगळं. तिथेही पदवीनंतरचा मेडिकलचा कोर्स करत कॉलेजकडून खेळणाऱ्यांचे हाल कमी नसणार, पण तिथली एक गोष्ट मला घेण्यासारखी वाटते ती म्हणजे तास लिहून ठेवलेत. एनसीएए या तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या नियमात सीझनमध्ये खेळासाठी आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, दिवसाला ४, आणि एक दिवस सुट्टी. तिथल्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी २००३ पासून आठवड्याला ८० तासांची मर्यादा. ८० काही थोडे नाहीत, पण निदान आकडा आहे, आणि आकडा असला की माणूस त्याच्याभोवती आपला दिवस मांडू शकतो. आपल्याकडेही केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी स्कीममध्ये सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास असं लिहिलेलं आहे, ते आज कुठल्या वॉर्डात पाळलं जातं ते तुम्ही कधी रात्री दोन वाजता न सांगता येऊन बघा. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्याच टास्क फोर्सने ७४ तासांपेक्षा जास्त नको आणि आठवड्याला एक सुट्टी हवी असं सुचवलं, आणि त्याच अहवालात पीजीच्या ३१.२ टक्के विद्यार्थ्यांनी जीव द्यायचे विचार मनात आल्याचं सांगितलंय. मी हा आकडा वाचला तेव्हा माझ्या बॅचचे चेहरे डोळ्यासमोर आले. खेळ हा त्यावर इलाज आहे असा दावा मी करणार नाही, पण इमर्जन्सी करून आल्यावर अर्धा तास कोर्टवर बॉल हातात आला की मला झोप नीट लागते, आणि दुसऱ्या दिवशी नातेवाईकांशी बोलताना आवाज चढत नाही. हे मी रोज अनुभवते. पेशंटला आम्हीच सांगतो आठवड्याला निदान १५० मिनिटं व्यायाम करा.

पीजीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो अवघड आहे हे मान्य. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट २५ ची, साडेपाच वर्षं एमबीबीएस आणि इंटर्नशिप, मग पीजीची प्रवेश परीक्षा नीट, त्यात तयारीसाठी एखादं वर्ष ड्रॉप, म्हणजे बहुतेक जण रेसिडेंट होईपर्यंत अटीच्या बाहेर गेलेले असतात. मीही गेलेय. त्यामुळे हजेरीच्या मागणीतून मला स्वतःला काही मिळणार नाही. शिवाय रेसिडेंट गेला की त्याची ड्युटी हवेत विरत नाही, ती को-रेसिडेंटच्या डोक्यावर येते, आधीच थकलेल्या माणसाच्या. म्हणून पीजींसाठी मी बाहेरच्या स्पर्धा मागत नाही. मागते ते एवढंच की कॉलेजाकॉलेजात थ्री बाय थ्री, म्हणजे तीन विरुद्ध तीन बास्केटबॉल, सुरू करा. अर्धं कोर्ट लागतं, टीमला एक बदली धरून चार जण लागतात, मॅच दहा मिनिटांत किंवा २१ पॉइंटला संपते, वयाची अट आपल्या हातात. टोकियो ऑलिम्पिकपासून हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये आहे, म्हणजे कोणी टाइमपास म्हणायचं कारण नाही. आणि हो, ज्या कॉलेजात कोर्ट आहे तिथे त्यावर गाड्या पार्क करणं बंद करा आणि रात्री दहापर्यंत लाइट चालू ठेवा, कारण आम्ही संध्याकाळी सहाला कधीच मोकळे नसतो.

एमबीबीएसवाल्यांचं मात्र तुमच्या हातात आहे. हजेरीचे टक्के दिल्लीहून ठरतात, पण विद्यापीठाने स्वतः पाठवलेला विद्यार्थी हजर धरायचा का हे विद्यापीठ मांडू शकतं, आणि तुम्ही वैद्यकीय शिक्षण मंत्री म्हणून आरोग्य विद्यापीठाचे प्रति-कुलपती आहात. एनओसीसाठी दहा टेबलं नकोत, विद्यापीठाचं पत्र डीन ऑफिसला आलं की तेच पुरेसं. त्या काळात इंटर्नल आली तर परत आल्यावर घ्यायची. बुडालेली पोस्टिंग महिनाभरात संध्याकाळच्या इमर्जन्सीला किंवा सुट्टीत पूर्ण करायची, लॉगबुकवर सही होईपर्यंत सूट नाही, एका दिवसाचीही नाही. आम्ही कष्ट टाळायला आलेलो नाही, भरून द्यायला तयार आहोत, फक्त भरून द्यायची सोय करा.

आम्ही काही आजी-माजी खेळाडूंनी मिळून परिपत्रकाचा दोन पानी मसुदा तयार केलाय, त्यात कॉलेजला एक रुपयाही जादा लागत नाही. पुढच्या सीझनच्या ट्रायल्सआधी तो तुमच्या टेबलावर यावा म्हणून पंधरा मिनिटांची वेळ हवी आहे. वेळ कुठलीही द्या, ड्युटी आम्ही आपसात बदलून घेऊ.

आपली,
एक ज्युनिअर रेसिडेंट